खिळ्यांपासून क्लासपर्यंत: टेलविंडचा कॉन्फिग आणि आपली वेलांटी

(या आठवड्याच्या भागाचं लेखी रूप. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

आज सुरुवात दोन तारखांपासून करू.

पहिली तारीख १७ सप्टेंबर १९९४, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. त्याच दिवशी नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झालं. दुसरी तारीख १० ऑक्टोबर १९९४, म्हणजे बरोबर २३ दिवसांनी. सर्नमध्ये काम करणाऱ्या होकून विउम ली या नॉर्वेच्या माणसाने वेबपानांच्या सजावटीसाठी एक प्रस्ताव मांडला. तेच आपलं सीएसएस. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आज नांदेड-लातूरची कितीतरी पोरं हॉस्टेलच्या खोलीत बसून ते सीएसएस लिहितात, आणि मराठी मजकूर टाकला की त्यांची वेलांटी कापली जाते. ती का कापली जाते, हीच आजची गोष्ट.

आधी जुळारी

त्यासाठी थोडं मागे जाऊ. शिशाच्या खिळ्यांनी छपाई व्हायची, तेव्हाही हाच पेच होता. इंग्रजी अक्षरं एका ओळीत शेजारी शेजारी बसतात. आपल्या अक्षराला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार. मग खिळा पाडायचा कसा? मुंबईत अमेरिकन मिशन प्रेस आणि पुढे जावजी दादाजींचं निर्णयसागर इथे या प्रश्नावर खूप डोकं लढवलं गेलं. त्यातून दोन पद्धती रुळल्या. ‘अखंड’ पद्धतीत अक्षर आणि त्याची मात्रा एकाच खिळ्यावर असायची. ‘डिग्री’ पद्धतीत मात्रेचा तुकडा वेगळा असायचा आणि जुळारी तो अक्षराला जोडायचा. अखंडमध्ये खिळे ढीगभर लागायचे, डिग्रीमध्ये तुकडे कमी पण जोडकाम जास्त.

हा हिशोब लक्षात ठेवा. सीएसएसमध्ये हाच वाद नव्याने झाला.

सीएसएसमधला वाद

पहिलं अधिकृत सीएसएस डिसेंबर १९९६ मध्ये आलं. तेव्हापासून बरीच वर्षं शिकवण एकच होती: प्रत्येक गोष्टीला अर्थपूर्ण नाव द्या. ‘निकाल-पत्रक’, ‘प्रवेश-बटण’ अशी नावं, आणि प्रत्येकाचे वेगळे नियम. ही झाली अखंड पद्धत. साइट वाढली की नियमांचा ढीग वाढतो आणि जुना नियम काढायची कुणाची हिंमत होत नाही.

२०११ मध्ये ट्विटरमधून बूटस्ट्रॅप बाहेर पडलं. त्याने काम सोपं केलं, पण सगळ्या साइट एकसारख्या दिसायला लागल्या. २०१३ मध्ये याहूच्या थिएरी कोब्लेंट्झ यांनी उलट विचार मांडला: एका क्लासने एकच काम करावं. एक क्लास फक्त अंतर देईल, एक फक्त रंग. तेव्हा अनेकांनी नाकं मुरडली.

मग ऑगस्ट २०१७ मध्ये कॅनडाच्या ॲडम वॅदन यांनी एक लांबलचक लेख लिहून हीच बाजू सविस्तर मांडली, आणि त्याच वर्षी टेलविंडची पहिली आवृत्ती आली. ही डिग्री पद्धत. छोटे तुकडे, जोडायचे आपण. ‘फ्लेक्स’ म्हणजे आडवी मांडणी, ‘पी-४’ म्हणजे चारही बाजूंनी १६ पिक्सेल मोकळी जागा. यालाच युटिलिटी-फर्स्ट म्हणतात.

खरी सत्ता कॉन्फिगची

पण ‘४’ म्हणजे १६ पिक्सेल हे ठरवलं कुणी? कॉन्फिगने. लातूरची गंजगोलाई डोळ्यासमोर आणा. मध्ये गोल इमारत आणि तिला येऊन मिळणारे सोळा रस्ते. आधी आराखडा आखला, मग त्यावर दुकानं बसली. कॉन्फिग म्हणजे तो आराखडा. कोणते रंग, कोणते फॉन्ट, किती अंतर, हे एकदा तिथे ठरतं आणि सगळी साइट त्यावर उभी राहते.

या फाइलचा प्रवासही गमतीचा आहे. सुरुवातीच्या आवृत्त्यांत ती शेकडो ओळींची असायची, कारण प्रत्येक किंमत त्यात लिहिलेली होती. २०१९ च्या पहिल्या पक्क्या आवृत्तीपासून फक्त आपले बदल लिहिले तरी भागायला लागलं. डिसेंबर २०२१ च्या तिसऱ्या आवृत्तीत, तुम्ही जेवढे क्लास वापरता तेवढंच सीएसएस तयार व्हायला लागलं. जानेवारी २०२५ च्या चौथ्या आवृत्तीत तर जावास्क्रिप्टची वेगळी फाइल लागतच नाही. सीएसएसच्या फाइलमध्येच ‘थीम’ नावाचा भाग लिहायचा.

म्हणून मंडळी, जुन्या व्हिडिओत सांगितलेली ‘इनिट’ कमांड चौथ्या आवृत्तीत चालली नाही, तर तुमचं काही चुकलेलं नाही. ती काढून टाकली आहे.

तिसऱ्या आवृत्तीवर असाल तर एक सापळा सांगतो. आपले रंग थेट ‘थीम’खाली टाकले की आधीचे सगळे रंग पुसले जातात. भर घालायची असेल तर ‘एक्स्टेंड’खाली लिहा. आणि क्लासचं नाव दोन तुकडे जोडून बनवू नका. टेलविंड तुमच्या फाइलमध्ये अख्खं नाव शोधतं. ते सापडलं नाही तर त्याचा नियम बनतच नाही, आणि बटण बिनरंगाचं राहतं.

आता आपली वेलांटी

हा आराखडा रोमन लिपी डोळ्यासमोर ठेवून आखलेला आहे. ‘टेक्स्ट-५एक्सएल’ आणि त्याहून मोठ्या अक्षरांना ओळीची उंची अक्षराच्या मापाइतकीच, म्हणजे १ दिलेली असते. इंग्रजी मथळा त्यात झकास दिसतो. आपला मथळा दोन ओळींवर गेला, की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. चौकटीबाहेरचं लपवणारा क्लास लावला असेल तर वेलांटी कापलीच जाते. अक्षरांमधलं अंतर वाढवणारा ‘ट्रॅकिंग’चा क्लास लावला, तर शिरोरेषा तुटायला लागते.

उपाय कॉन्फिगमध्येच आहे. मथळ्यांच्या ओळीची उंची एकदाच वाढवून ठेवा, मी १.४ च्या खाली जात नाही. मजकुराला १.७ च्या आसपास ठेवतो. फॉन्टच्या यादीत देवनागरीचा फॉन्ट लिहा. एक टाइपचा मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी, दोन्ही मोफत आहेत. आणि पानाच्या सुरुवातीला भाषा मराठी असल्याचं नोंदवा. फॉन्टमध्ये सोय असेल तर ‘ल’ आणि ‘श’ आपल्या वळणाचे दिसतात, हिंदीच्या वळणाचे नाही.

शेवटची गोष्ट फोनची. चौथी आवृत्ती क्रोम १११ किंवा त्यापुढचं गृहीत धरते. अँड्रॉइड ६ च्या फोनवर क्रोम १०६ लाच थांबलं. घरात आजीकडे किंवा शेतावर असा जुना फोन अजून असतो. ‘लातूर पॅटर्न’च्या एखाद्या क्लासची निकालाची साइट बनवताय आणि पोरीचा निकाल बाप त्या फोनवर बघणार असेल, तर तिसरी आवृत्ती निवडणं हा मागासपणा नाही. ते आपलं गिऱ्हाईक ओळखणं आहे.

जुळाऱ्याने परदेशातून आलेलं छपाईचं तंत्र घेतलं, पण मात्रा कुठे बसणार हे स्वतः ठरवलं. टेलविंडही तसंच घ्या. आयता आराखडा वापरायला हरकत नाही, फक्त वेलांटीपुरती जागा आपण आखून घ्यायची.

आज रात्री एक करा. तुमच्या साइटवर मोठ्या अक्षरात ‘गुरू-ता-गद्दी’ आणि त्याच्या खालच्या ओळीत ‘किल्लारी’ लिहून बघा. उकार आणि वेलांटी भिडले, तर काय करायचं ते आता तुम्हाला माहीत आहे. भेटू पुढच्या भागात!