परवान्यापासून व्हिसापर्यंत : मराठी मुलखातील अमेरिकी रहिवास (विशेष संदर्भ : जालना)

प्रस्तावना

परकीय नागरिकास देशात येण्याची व राहण्याची मुभा देणारा व्हिसा ही सामान्यतः विसाव्या शतकातील व्यवस्था मानली जाते. त्याचे आजचे रूप अर्वाचीन असले, तरी त्यामागील तीन प्रश्न जुने आहेत. येणारा कोणत्या सत्तेचा प्रजाजन आहे, तो कोणत्या हेतूने आला आहे आणि तो कोठे राहणार आहे? मराठी भाषिक प्रदेशात अमेरिकी माणसांना या तिन्ही प्रश्नांची उत्तरे कशी द्यावी लागली, याचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

मुंबईतील पहिला पेच

अमेरिकन बोर्डाचे मिशनरी गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट ऑगस्ट १८१२ मध्ये कलकत्त्यास पोहोचले. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलखात तिच्या परवानगीशिवाय राहता येत नसे आणि मिशनरी कार्याबद्दल कंपनीचे अधिकारी साशंक होते. त्यातच १८ जून १८१२ रोजी अमेरिकेने ब्रिटनविरुद्ध युद्ध पुकारले होते. परिणामी, प्रजाजनत्व व हेतू या दोन्ही दृष्टींनी हे पाहुणे नकोसे ठरले. ११ फेब्रुवारी १८१३ रोजी ते मुंबईस आले, तेव्हा त्यांना इंग्लंडला पाठविण्याचे आदेश कलकत्त्याहून आले. मुंबईतून गुपचूप सिलोनकडे निघण्याचा त्यांचा प्रयत्नही फसला व कोचीनहून त्यांना परत आणण्यात आले.

गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांची त्यांच्याविषयी सहानुभूती होती. हॉल यांच्या लेखी विनंतीनंतर त्यांनी पाठवणी लांबणीवर टाकली व पुढे संचालक मंडळाकडूनही राहण्यास संमती मिळाली. याच सुमारास १८१३ च्या सनदी कायद्याने उपयुक्त ज्ञान आणि धार्मिक व नैतिक उन्नती यांसाठी हिंदुस्थानात येऊ इच्छिणाऱ्यांकरिता परवान्याची वाट मोकळी केली. ‘हेतू’ ही कायद्याने मान्य केलेली कसोटी झाली. हॉल १८२६ मध्ये मृत्यू येईपर्यंत मराठी मुलखातच राहिले. मात्र त्यांचा रहिवास हक्कावर नव्हे, तर एका अधिकाऱ्याच्या विवेकावर टिकला, ही बाब लक्षणीय आहे.

जालना : दुहेरी सत्तेचा मुलूख

१८३१ मध्ये अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनचे केंद्र सुरू झाले. त्याच दशकाच्या उत्तरार्धात मिशनने जालना येथेही ठाणे उघडले. जालना निजामाच्या राज्यात होते. परंतु तेथे इंग्रजांच्या अधिपत्याखालील फौजेची छावणी होती. येथे तिसरा प्रश्न, म्हणजे स्थळाचा, महत्त्वाचा ठरतो. १७९८ च्या तहान्वये कंपनीच्या संमतीवाचून कोणाही युरोपीयास आपल्या राज्यात राहू न देण्याचे निजामाने मान्य केले होते. फ्रेंचांना दूर ठेवणे हा या तहाचा मुख्य उद्देश होता. भूमी एका सत्तेची आणि तेथे कोणी राहावे हे ठरविण्यात निर्णायक शब्द दुसऱ्या सत्तेचा, अशी ही स्थिती होती.

१८३३ च्या सनदी कायद्याने कंपनीच्या जुन्या मुलखात परवान्याविना राहण्याची मोकळीक दिली, ती ब्रिटिश प्रजाजनांना. पुढे १८६४ च्या परकीयांविषयीच्या कायद्याने सरकारला परकीयास देशाबाहेर जाण्याचा हुकूम देण्याचा अधिकार दिला. अमेरिकी व ब्रिटिश मिशनरी एकाच भाषेत उपदेश करीत असले, तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांचे स्थान भिन्न राहिले.

उलट दिशेचा प्रवास

१८६० च्या दशकापासून जालना ही स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे रेव्हरंड नारायण शेषाद्री यांची कर्मभूमी झाली. जालन्याजवळील बेथेल ही वसाहत त्यांनीच उभारली. १८७३ मध्ये ते न्यूयॉर्क येथील इव्हँजेलिकल अलायन्सच्या परिषदेस उपस्थित राहिले. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेस गेल्या. त्या काळी अमेरिकेस जाण्यासाठी व्हिसाची अट नव्हती. १९१७ च्या अमेरिकी कायद्याने मात्र हिंदुस्थानातून होणारे स्थलांतर बहुतांशी बंद केले. ज्या देशाच्या माणसांनी मुंबईत दार ठोठावले होते, त्याच देशाने शतकानंतर आपले दार लावून घेतले.

स्वातंत्र्योत्तर व्यवस्था

१९२०, १९३९ व १९४६ च्या कायद्यांनी प्रवेश, नोंदणी व नियंत्रण यांची चौकट घातली आणि स्वतंत्र भारताने ती चालू ठेवली. १९५४ मध्ये तत्कालीन मध्य प्रदेश सरकारने नागपूरचे न्या. भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. धर्मांतर हाच ज्यांचा मुख्य हेतू आहे अशा परकीय मिशनऱ्यांना परत जाण्यास सांगावे, अशी शिफारस समितीने १९५६ च्या अहवालात केली. राष्ट्रकुलातील नागरिकांना १९८४ पर्यंत व्हिसातून सूट होती. त्यामुळे स्कॉटिश व अमेरिकी मिशनऱ्यांमधील जुना भेद स्वातंत्र्यानंतरही काही काळ टिकला.

१ सप्टेंबर २०२५ पासून ‘आप्रवास आणि परकीय नागरिक अधिनियम, २०२५’ लागू झाला व आधीचे कायदे रद्द झाले. अमेरिकी पर्यटकांसाठी २०१४ पासून ऑनलाइन व्हिसाची सोय आहे. १८० दिवसांहून अधिक मुदतीच्या व्हिसावर आलेल्यास सर्वसाधारणपणे १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. अमेरिकी नागरिकत्व घेतलेल्या मराठी कुटुंबांना परदेशस्थ भारतीय नागरिक म्हणून नोंदणी करून कायमस्वरूपी ये-जा करता येते. तथापि संशोधन, पत्रकारिता वा मिशनरी कार्य यांसाठी त्यांनाही विशेष परवानगी लागते.

समारोप

दोन शतकांत परवाना देणारी सत्ता बदलली. परवान्याचे रूपही बदलले. मात्र हेतूची कसोटी कायम राहिली. परसत्तेने लावलेली कसोटी आणि लोकनियुक्त शासनाने लावलेली कसोटी यांचे नैतिक अधिष्ठान अर्थातच एक नाही. तरीही हॉल यांचे प्रकरण एक गोष्ट स्पष्ट करते. नियम संदिग्ध असतील, तर पाहुण्याचे भवितव्य अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून राहते. परदेशी अभ्यासकाला चर्चासत्रासाठी वा क्षेत्रीय संशोधनासाठी निमंत्रित करणाऱ्या महाविद्यालयांसाठीही हा धडा उपयुक्त आहे. हेतू प्रारंभीच स्पष्ट सांगणे हे पाहुण्याचे कर्तव्य आहे आणि त्यावर निश्चित नियमांनुसार, वेळेत निर्णय देणे हे शासनाचे.