प्रसूतीपश्चात कुटुंबनियोजन आणि कथाकथन

बाळंतपणानंतर पुढचा पाळणा लांबवण्याचा विचार जोडप्याने वेळीच करावा, यासाठी मालिका, श्रुतिका, पथनाट्य किंवा गृहभेटीत सांगितलेली गोष्ट वापरण्याची पद्धत. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान २४ महिने जाऊ द्यावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

या पद्धतीला शिस्तबद्ध रूप दिले मेक्सिकोच्या मिगेल साबिदो यांनी. त्यांच्या ‘अकोम्पान्यामे’ (१९७७-७८) या दूरचित्रवाणी मालिकेत तीन बहिणींचे संसार होते. साबिदोंच्या कथांत एक पात्र योग्य वाटेवर, दुसरे चुकीच्या, तर तिसरे कुंपणावर असते आणि प्रेक्षक त्या तिसऱ्याबरोबर चालतो. टांझानियात १९९३ पासून ‘ट्वेंडे ना वकाती’ ही रेडिओमालिका लागत असे. डोडोमा भागात ती सुरुवातीला मुद्दाम लावली नव्हती. त्यामुळे तुलना करता आली, आणि ती ऐकवलेल्या भागांत कुटुंबनियोजनाचा वापर अधिक वाढल्याचे दिसले. भारतात दूरदर्शनवरच्या ‘हम लोग’ (१९८४) मालिकेतला कुटुंबनियोजनाचा सुरुवातीचा थेट उपदेश प्रेक्षकांना रुचला नाही, म्हणून तो कमी करावा लागला.

बाळंतिणीच्या बाबतीत गोष्टीचे काम नाजूक असते. “अंगावर पाजतेय, पाळीही आली नाही, मग दिवस कसे जातील?” हा समज घरोघरी आहे आणि तो अर्धा खरा आहे. बाळ सहा महिन्यांच्या आतले, पाळी सुरू झालेली नाही आणि रात्रंदिवस निव्वळ अंगावरचे दूध, या तिन्ही गोष्टी असतील तरच ते संरक्षण भरवशाचे. वरचे दूध सुरू झाले की भरवसा संपतो. पाळी परतण्याआधीच बीज सुटू शकते, म्हणजे पाळी न येताही दिवस जाऊ शकतात. हे तक्त्यावरून समजावण्यापेक्षा, सातव्या महिन्यात बाळाला पेज भरवू लागलेल्या सुनेच्या गोष्टीतून लवकर पटते. आशाताईची ४२व्या दिवसाची गृहभेट त्यासाठी सोयीची. सासू आणि नवरा समोर असतील तर उत्तमच. निर्णय बहुधा त्यांच्याच तोंडाकडे पाहून होतो.

चांगल्या गोष्टीत तांबी, अंतरा इंजेक्शन, छाया गोळ्या, निरोध आणि पुरुष नसबंदी हे सगळे पर्याय येतात, निवड मात्र बाईची राहते. एकाच साधनाकडे ढकलणारी गोष्ट ही जाहिरात होय. शिवाय चांगली गोष्ट ऐकून बाई आरोग्य केंद्रावर आली आणि अंतरा संपलेले असेल किंवा तांबी बसवणारे कोणी नसेल, तर सगळे कथाकथन वाया जाते.