शाळेचा पट आणि शाळेचा निकाल

वार्षिक परीक्षा संपल्या म्हणजे अमक्या शाळेचीं इतकीं मुलें उतरलीं, तमक्या शाळेचीं इतकीं राहिलीं, असा हिशेब आपण घरोघर मांडतों. पण ज्या मुलांचा हा हिशेब, तीं पटावर आलीं कशीं आणि पटावर न आलेलीं मुलें कोणाचीं, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. जुन्या मुंबई इलाख्यांतील सरकारी शाळांचा इतिहास चाळूं लागलें म्हणजे हा दुसरा प्रश्नच अधिक बोलका आहे असें दिसून येतें.

सन १८५६ च्या जून महिन्यांत धारवाडच्या सरकारी शाळेंत नांव घालण्यासाठीं एक महार मुलगा गेला. धारवाड त्या काळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे. त्याला प्रवेश मिळाला नाहीं, तेव्हां त्यानें मुंबई सरकारकडे अर्ज केला. त्या अर्जावरील निर्णय मोठा मासलेवाईक आहे. न्याय मुलाच्या बाजूचा आहे हें सरकारनें नाकारलें नाहीं. परंतु आजवर पुढें आलेल्या या एकट्या मुलासाठीं त्याला इतरांमध्यें बळेंच बसविलें, तर बाकीच्या प्रजेला ती संस्थाच निरुपयोगी होऊन बसेल, असें म्हणून अर्ज फेटाळला. सोंवळ्याओंवळ्याचा विचार यांत होताच. पण मला यांत त्याहून कारभारी बुद्धीचा हिशेब अधिक दिसतो. पट भरलेला राहावा म्हणून एक नांव पटाबाहेर ठेवावयाचें! बंगालच्या कोणत्याही सरकारी शाळेंत या मुलाला नकार मिळाला नसता, अशी पुस्ती कलकत्त्याहून हिंदुस्थान सरकारनें जोडली. पुढें १८५८ सालीं कंपनीच्या संचालक मंडळानें लंडनहून स्पष्ट कळविलें कीं, सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या आहेत आणि या तत्त्वापासून आम्हांस हटतां येणार नाहीं.

तत्त्व ठरलें, परंतु शाळेची ओसरी होती तेथेंच राहिली. अस्पृश्य मुलाला आंत घेतलें तरी त्यानें ओसरीवर बसावयाचें, पंतोजींनीं त्याची पाटी दुरून तपासावयाची, असा प्रकार अनेक गांवीं चालला. अशा मुलाचें नांव पटावर असलें आणि दिपोटीसाहेबांपुढें तो अडखळला, तर तो दोष कोणाच्या बुद्धीचा म्हणावयाचा, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

१८८२ सालीं हंटर कमिशनपुढें जोतीराव फुले यांची साक्ष झाली. १८४८ पासून पुण्यांत त्यांनीं व सावित्रीबाईंनीं मुलींसाठीं आणि पुढें अस्पृश्यांसाठीं शाळा चालविल्या होत्या, त्यामुळें त्यांचें बोलणें ऐकीव नव्हतें. पुणें शहरांत महार-मांगांची वस्ती पांच हजारांवर, त्यांच्यासाठीं शाळा एक, आणि तींत मुलें तिसांच्या आंत, हें त्यांनीं कमिशनच्या कानांवर घातलें. सारा भरतो शेतकरी आणि त्या पैशांतून उच्च शिक्षण घेतात वरचे वर्ग, ही त्यांची मुख्य तक्रार. बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना प्राथमिक शिक्षण सक्तीचें करावें, आणि शेतकऱ्यांच्या वर्गांतून शिक्षक तयार करावे, असें त्यांचें मागणें होतें. आंकडे त्यांच्याच बाजूचे होते. १८८१-८२ सालीं इलाख्याच्या प्राथमिक शाळांत तीन लक्षांवर मुलें होतीं. त्यांत ब्राह्मणांचीं सुमारें ६३ हजार, आणि ज्यांना सरकारी कागदांत खालच्या जाती म्हटलें आहे त्यांचीं तीन हजारांहूनही कमी. हिंदुस्थानांतील इंग्रजी मुलुखांत प्राथमिक शिक्षणाच्या सक्तीचा कायदा व्हावा म्हणून गोखल्यांनीं १९११ सालीं विधेयक आणलें. तें नापास झालें. बडोद्यांत मात्र सयाजीराव महाराजांनीं १८९३ सालींच अमरेली तालुक्यांत सक्तीचा प्रयोग आरंभिला होता आणि १९०६ सालीं तो सर्व राज्यास लागू केला. कोल्हापुरांत शाहू महाराजांनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें. मूल शाळेंत न धाडणाऱ्या पालकाला दरमहा रुपया दंड ठेविला. १९१९ सालीं त्यांनीं अस्पृश्यांच्या निराळ्या शाळा मोडून तीं मुलें सर्वांच्या शाळेंत बसविण्याचा हुकूम काढला. धारवाडच्या अर्जाला खरें उत्तर मिळावयास अशीं त्रेसष्ट वर्षें लागलीं, आणि तेंही एका संस्थानांत!

आतां निकालाकडे वळूं. १२ मार्च १९२७ रोजीं मुंबईच्या कायदे कौन्सिलांत शिक्षणाच्या खर्चावर डॉ. आंबेडकर बोलले. साताऱ्याच्या शाळेंत घरून आणलेल्या तरटावर वर्गाच्या कोपऱ्यांत वेगळा बसणारा विद्यार्थी हाच. पहिल्या इयत्तेंत आलेल्या १०० मुलांपैकीं चौथीपर्यंत पोंचतात अवघीं १८. उरलेलीं ८२ मुलें पुन्हां निरक्षरांत जमा होतात, हें त्यांनीं सभागृहापुढें मांडलें. शाळेंत पाऊल टाकणारें प्रत्येक मूल जन्मभर साक्षर राहील इतकें शिकल्यावांचून बाहेर पडूं नये, हाच प्राथमिक शिक्षणाचा हेतु आहे, असें त्यांचें म्हणणें. चौथीच्या परीक्षेला बसलेल्यांत किती उतरले, एवढेंच पाहणाऱ्याला तीं ८२ मुलें दिसावींच कशीं? कोणी गुरांमागें गेलेलीं, कोणी शेतावर, कोणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरीं बसलेलीं. १९२९ सालीं हार्टॉग समितीनें याच दुखण्याला नांवें दिलीं: मूल मध्येंच शाळा सोडतें तो अपव्यय, आणि एकाच इयत्तेंत रखडतें तें स्थगन.

त्याच भाषणांत आणखी एक हिशेब होता. सरकार शिक्षणावर माणशीं १४ आणे खर्च करतें आणि अबकारीच्या रूपानें माणशीं दोन रुपयांहून अधिक वसूल करतें. शिक्षणाची गति अशीच राहिली, तर शाळेच्या वयाचे सर्व मुलगे शाळेंत यावयास ४० वर्षें लागतील, आणि सर्व मुली यावयास ३०० वर्षें. १९२७ पासून मोजलीं, तर तीं ३०० वर्षें २२२७ सालीं भरतात.