‘ठेसन’ : एका शब्दाची घडण

विसाव्या शतकाच्या आरंभी निजामाच्या मुलखातून मनमाड-सिकंदराबाद लोहमार्ग सुरू झाला आणि सेलू, मानवत, परभणी, पूर्णा या टापूच्या बोलीत ‘स्टेशन’ हा शब्द आला. इंग्रजी उच्चारात त्याची अक्षरे दोन : ‘स्टे’ व ‘शन’. आरंभीचे जोडाक्षर दोन परींनी सुलभ झाले. उर्दूच्या वळणाने त्यापूर्वी स्वर आला व ‘इस्-टे-शन’ अशी तीन अक्षरे झाली. ग्रामीण मराठीने ‘स’ गाळून ‘ठे-सन’ अशी दोनच राखली.

या रूपास अपभ्रष्ट म्हणण्याचा प्रघात आहे. तो सयुक्तिक नाही. इंग्रजीत ‘स’नंतरचा ‘ट’ अल्पप्राण असतो. अर्थात ‘ठ’मधील महाप्राण इंग्रजाकडून ऐकलेला नव्हे; लुप्त झालेल्या ‘स’ची ती खूण होय. संस्कृत ‘हस्त’ शब्दाचे प्राकृतात ‘हत्थ’ झाले ते याच रीतीने.

व्युत्पत्ती पाहता हे साम्य अधिकच अर्थपूर्ण ठरते. लॅटिन ‘स्तातिओ’ म्हणजे उभे राहणे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला. त्या फ्रेंच रूपासही ‘इस्टेशन’प्रमाणेच आरंभी स्वर जडला होता. त्याचा मूळ धातू संस्कृत ‘स्था’चा सगोत्र. त्याच ‘स्था’पासून ‘स्थान’, प्राकृत ‘ठाण’ व मराठी ‘ठाणे’. सारांश, ‘ठाणे’ आणि ‘ठेसन’ एकाच कुळातले. एक प्राकृताच्या वाटेने आला, दुसरा आगगाडीने. बोलीने दोघांनाही एकाच नियमाने घडविले. अशा रूपांना अशुद्ध ठरवून संग्रहातून वगळणारा अभ्यासक भाषेचा नियमच वगळीत असतो.