जंगलातली छत्री: चंद्रपूर-गडचिरोलीतील उपग्रह दूरचित्रवाणी

चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या बहुतेक भागात दूरचित्रवाणी मनोऱ्यावरून आली नाही, ती उपग्रहावरून आली. याचे कारण भूगोलात आहे. मनोऱ्यावरून निघालेल्या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात. वाटेत टेकडी किंवा दाट झाडी आली की त्या अडतात, क्षीण होतात. गडचिरोलीचा तीन चतुर्थांश भाग जंगलाखाली आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणाहून दक्षिण टोकाचे सिरोंचा दोनशे किलोमीटरच्या आसपास दूर आहे. अशा प्रदेशात मनोऱ्यांची साखळी उभारायची, तर खर्च मोठा आणि प्रेक्षक विखुरलेले.

उपग्रहाचा पहिला प्रयोग या भागाला चुटपुट लावून गेला. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांना थेट कार्यक्रम दाखवण्यात आले. कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीची तीन मीटर व्यासाची छत्री आणि तिला जोडलेला सार्वजनिक संच अशी त्याची मांडणी होती. त्या सहा राज्यांत मध्य प्रदेश होता, आंध्र प्रदेश होता आणि कर्नाटकही होते. त्या काळच्या अखंड चंद्रपूर जिल्ह्याच्या पूर्वेला व दक्षिणेला हीच पहिली दोन राज्ये होती. महाराष्ट्र मात्र यादीत नव्हता.

२६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरचे विभाजन होऊन गडचिरोली जिल्हा झाला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सोडलेला इन्सॅट-१ए उपग्रह काही महिन्यांतच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी सुटलेला इन्सॅट-१बी टिकला. या उपग्रहाच्या ग्रामीण कार्यक्रमांसाठी निवडलेल्या सहा राज्यांत आता महाराष्ट्रही होता आणि त्याचे उपग्रह दूरदर्शन केंद्र नागपूरला होते. विदर्भाच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. मुंबईचे केंद्र २ ऑक्टोबर १९७२ पासून चालू असले, तरी त्याची दृष्टी समुद्रकाठची. धान, तेंदूपान, हिवताप हे नागपूरच्या अधिक जवळचे विषय.

१९८४ साली देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांची लाटच आली. काही महिने तर सरासरी दिवसाला एक प्रक्षेपक सुरू होत होता. प्रक्षेपकाशेजारची मोठी छत्री दिल्लीचा कार्यक्रम उपग्रहावरून उतरवून घेई आणि शंभर वॅटचा प्रक्षेपक तो साधारण वीस-पंचवीस किलोमीटरच्या परिघात पसरवी. त्या परिघातले लोक उंच बांबूवर अँटेना बांधत. परिघाबाहेर पडद्यावर मुंग्या दिसत. रविवारच्या ‘रामायणा’साठी (१९८७-८८) गावोगाव एका संचापुढे जमणारी गर्दी हे याच काळातले चित्र.

नव्वदच्या दशकात केबल आली, पण ती दाट वस्तीची सोय होती. चंद्रपूर, बल्लारपूर, वरोरा अशा ठिकाणी, कोळसा खाणी आणि वीज केंद्राच्या वसाहतींत, एका मोठ्या छत्रीवरून शेकडो घरांना तार देणे परवडत होते. पाच-सात किलोमीटर जंगल ओलांडून तीस घरांच्या टोल्यापर्यंत तार नेणे कोणत्याही केबलवाल्याला परवडणारे नव्हते.

खरा बदल घडवला तो घरोघरच्या लहान छत्रीने. त्यामागचे गणित समजून घेण्याजोगे आहे. भूस्थिर उपग्रह विषुववृत्तावर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. ‘डीडी फ्री डिश’चा उपग्रह ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. चंद्रपुरातून तो आग्नेयेला, क्षितिजापासून साठ अंशांहून थोडा वर दिसेल अशा जागी येतो. म्हणजे लहर झाडांच्या रांगेतून आडवी येत नाही, जवळजवळ डोक्यावरून उतरते. मनोऱ्याला जे जंगल अडथळा होते, ते या छत्रीला फारसे आड येत नाही. अंगणापुरते मोकळे आभाळ पुरते. मात्र केयू पट्ट्यातल्या या लहरींची लांबी अवघी अडीच सेंटिमीटर, त्यामुळे मुसळधार पाऊस त्यांना शोषतो. जुलै-ऑगस्टमध्ये चित्राचे चौकोन होऊन ते थिजते, सर ओसरली की परत येते.

खासगी डिश सेवा २००३ मध्ये सुरू झाली. १६ डिसेंबर २००४ रोजी दूरदर्शनची ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ३३ वाहिन्यांसह आली. २०१४ पासून तिचे नाव ‘डीडी फ्री डिश’. एकदा छत्री आणि डबा (सेट-टॉप बॉक्स) घेतला की दरमहा काही भरायचे नाही. ज्या घरात रोख पैसा धानाच्या किंवा तेंदूपानाच्या हंगामातच येतो, तिथे ही सोय निर्णायक ठरते. पैसे भरायच्या सेवेचे रिचार्ज संपले की, मोबाइलला रेंज नसलेल्या गावातून बाजाराचे ठिकाण गाठावे लागे. गडचिरोलीतल्या पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडच्या वाटा बंद.

पुढचा टप्पा हाय डेफिनिशनचा, म्हणजे एचडीचा. साध्या चित्रात ७२० गुणिले ५७६ बिंदू असतात, एचडीत १,९२० गुणिले १,०८०, म्हणजे जवळपास पाचपट. तेवढी माहिती उपग्रहाच्या मर्यादित जागेत बसवण्यासाठी नवे संकुचन तंत्र लागते आणि ते जुन्या डब्याला उलगडत नाही. भारतात एचडीला गती मिळाली ती ऑक्टोबर २०१० च्या दिल्लीतील राष्ट्रकुल स्पर्धांच्या सुमारास. मराठीची पाळी यायला आणखी सहा वर्षे गेली: स्टार प्रवाह, कलर्स मराठी आणि झी मराठी यांच्या एचडी वाहिन्या २०१६ मधल्या. त्या सगळ्या पैसे भरून पाहायच्या आणि त्यांना एचडी डबा लागतो. फ्री डिशवर दूरदर्शनची ‘सह्याद्री’ आणि पुढे ‘फक्त मराठी’, ‘शेमारू मराठीबाणा’ अशा वाहिन्या आल्या, पण साध्या चित्राच्या. त्यामुळे स्पष्ट मराठी चित्र आधी चंद्रपूर, बल्लारपूरसारख्या गावांतल्या पगारदार घरांत पोहोचले. एटापल्ली-धानोऱ्याकडे साधेच चित्र राहिले.

मराठी वाहिनी म्हणजे स्थानिक वाहिनी, असे म्हणण्यातही इथे अडचण आहे. सिरोंचाकडे तेलुगू बोलली जाते, मुलचेरा-चामोर्शीच्या निर्वासित वसाहतींत बंगाली, भामरागड-एटापल्लीत माडिया आणि गोंडी, वैनगंगेच्या काठी झाडीबोली. तेलुगू-बंगाली भाषकांना आपापल्या वाहिन्या याच छत्रीवर सापडतात. माडियाला वाहिनीच नाही. वडसा-देसाईगंजच्या झाडीपट्टी रंगभूमीला हिवाळ्यात रात्र रात्र प्रेक्षक मिळतो, तरी तिची बोली मुंबईच्या मालिकांत क्वचितच ऐकू येते. चित्र पाचपट स्पष्ट झाले तरी ही उणीव भरत नाही, आणि ती भरण्याची जबाबदारी सार्वजनिक प्रसारकाचीच आहे.

दरम्यान मनोऱ्यांचा काळ संपला. दूरदर्शनने देशभरातले जुने अॅनालॉग प्रक्षेपक टप्प्याटप्प्याने बंद केले. मोजके सामरिक महत्त्वाचे सोडले तर ते काम २०२२ पर्यंत उरकले. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने प्रसारणाच्या पायाभूत सुविधांसाठीच्या ‘बिंड’ योजनेस मंजुरी दिली. २,५३९.६१ कोटी रुपयांच्या या योजनेत प्रसारणाची साधने एचडीसाठी सज्ज करणे आणि दुर्गम, आदिवासी, सीमावर्ती व नक्षलग्रस्त भागांत ८ लाखांहून अधिक फ्री डिश डबे मोफत वाटणे, अशी दोन्ही कामे धरली आहेत.