गिअर टाकताना खरखर होतेय? गिअरबॉक्स खोलायच्या आधी एवढं तपासा

बाजारहाट, दवाखाना, लग्नकार्य अशा सगळ्या कामाला आता गावात कार लागते. त्यातल्या बऱ्याच गाड्या जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हातच्या. अशा गाडीचा गिअर जड पडायला लागला किंवा टाकताना खर्रकन आवाज आला, की ‘गिअरबॉक्स गेला’ म्हणून मालक घाबरतो आणि मोठ्या खर्चाची तयारी करतो. पण बऱ्याचदा दोष गिअरबॉक्समध्ये नसतोच. तो क्लचमध्ये, गिअरच्या वायरमध्ये नाहीतर ऑइलमध्ये असतो. दोष कुठं आहे, याचा अंदाज घरी अंगणातच घेता येतो. ही माहिती हाताने गिअर टाकायच्या गाड्यांसाठी आहे, ऑटोमॅटिकसाठी नाही.

आधी पायाखाली बघा

ड्रायव्हरच्या पायाखाली मॅटवर मॅट टाकलेली असते. ती पुढं सरकून क्लचच्या पायडलखाली अडकते. मग पायडल पूर्ण खाली जात नाही, क्लच अर्धाच सुटतो आणि गिअर अडतो. मॅट काढून गाडी चालवून बघा. याला एक रुपयाही लागत नाही.

इंजिन बंद आणि चालू, दोन्ही वेळा तपासा

गाडी सपाट जागेवर लावा, हँडब्रेक ओढा, चाकाला पुढून-मागून दगड लावा. इंजिन बंद ठेवून क्लच दाबा आणि सगळे गिअर एकेक करून टाका. मग इंजिन चालू करून, क्लच पूर्ण दाबून, तेच करा.

- बंद असताना गिअर सहज पडतात, पण चालू केल्यावर अडतात किंवा खरखरतात: क्लच पूर्ण सुटत नाही.
- दोन्ही वेळा जड पडतात: गिअरची वायर, रॉड किंवा जोडाचे बुश बघा. पावसाळ्यात चिखल-पाणी शिरून वायर गंजते. बुश झिजले की लिव्हर खुळखुळतो आणि गिअर नेमका सापडत नाही.
- फक्त एकाच गिअरला, बहुतेक वेळा दुसऱ्याला, चालत्या गाडीत खरखर होते: त्या गिअरची सिंक्रो रिंग झिजली असण्याची शक्यता जास्त. इथं मात्र गिअरबॉक्स उघडावा लागतो.
- गिअर पडतो, पण ॲक्सिलरेटर दाबल्या-सोडल्यावर आपोआप निसटतो: इंजिनाचे माउंटिंग आणि गिअरची वायर आधी बघा, गिअरबॉक्स नंतर.

बॅक गिअरचं थोडं वेगळं आहे. बऱ्याच गाड्यांत त्याला सिंक्रो रिंग नसते. गाडी पूर्ण थांबवा, क्लच दाबून तीन-चार सेकंद थांबा, मगच बॅक टाका. एवढं थांबूनही खरखर आली, तर क्लच सुटत नाही असं समजा.

क्लच वायरचा की ऑइलचा?

काही गाड्यांत क्लच वायरवर चालतो. वायर ताणली गेली तर ती ॲडजस्ट करता येते, तिचे तार तुटायला लागले असतील तर बदलावी. ती ॲडजस्ट करताना पायडलला वरच्या बाजूला थोडी मोकळी चाल ठेवावी लागते. किती, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं.

काही गाड्यांत क्लच ऑइलवर चालतो. त्यात ब्रेकचंच ऑइल असतं आणि बऱ्याच गाड्यांत दोन्हीची डबीही एकच असते. पायडल दोन-तीनदा पंपासारखं मारल्यावर गिअर पडत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरली आहे किंवा सिलिंडर गळतोय. डबीत झाकणावर लिहिलेल्या ग्रेडचंच, म्हणजे डॉट ३ किंवा डॉट ४, ऑइल टाका. इंजिन ऑइल किंवा हायड्रॉलिक ऑइल त्यात चुकूनही टाकू नका. त्याने रबरी सील फुगतात आणि क्लचबरोबर ब्रेकही जाऊ शकतो.

गिअर ऑइलकडे दुर्लक्ष नको

सकाळी थंड गाडीत गिअर जड आणि पाच-सात किलोमीटर चालल्यावर मोकळा होत असेल, तर ऑइल जुनं किंवा चुकीच्या ग्रेडचं असू शकतं. घरात ट्रॅक्टरचं उरलेलं ऑइल आहे म्हणून तेच कारमध्ये ओतू नका. डब्यावर ‘जीएल-४’, ‘जीएल-५’ असं लिहिलेलं असतं. कारच्या अनेक गिअरबॉक्सना जीएल-४ लागतं. त्यांत जीएल-५ टाकलं तर पितळी सिंक्रो रिंगला त्रास होऊ शकतो. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच घ्या.

ऑइल बदलताना आधी वरचा, भरायचा नट सुटतो का ते बघावं, मगच खालचा सोडावा. खालून ऑइल काढलं आणि वरचा नट गंजून बसला, तर गाडी जागेवरच अडकते. ओढ्याच्या पाण्यातून गाडी गेली असेल आणि ऑइल दुधाळ दिसत असेल, तर आत पाणी गेलंय. ते लगेच बदला, नाहीतर बेअरिंग खराब होतात. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीच शिरू नका.

मेकॅनिकला काय सांगाल?

‘गिअर खराब झालाय’ एवढंच सांगू नका. कोणता गिअर, थंड असताना की गरम, इंजिन बंद असताना कसा पडतो, हे सांगा. क्लचप्लेटसाठी गिअरबॉक्स उतरवावाच लागतो. म्हणून प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी तपासून घ्या, म्हणजे मजुरी दोनदा लागत नाही. बदललेले जुने पार्ट परत मागा.

गाडी चालवताना क्लचवर पाय ठेवून बसायचं नाही, चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवायची नाही, आणि गाडी पुढं सरकत असताना बॅक टाकायचा नाही. या सवयी सोडल्या तर क्लच आणि गिअर दोन्ही जास्त टिकतात.

आणि गिअर अडणारी किंवा निसटणारी गाडी घाटात नेऊ नका. उतारावर गिअर पडला नाही तर गाडी न्यूट्रलमध्ये सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून लागेनासे होतात. घरचं माणूस दवाखान्यात न्यायची वेळ सांगून येत नाही. त्याआधीच गाडी तपासून ठेवलेली बरी.