ठासणीची रायफल : गोळीचा उतार व नेम

नळीच्या तोंडातून दारू व गोळी ठासून भरण्याच्या रायफलीत गोळीचा वेग आजच्या रायफलींच्या मानाने बराच कमी असतो. त्यामुळे तिचा मार्ग ठळकपणे कमानदार होतो. ब्रिटिशांची 1853 ची एन्फिल्ड हे याचे उत्तम उदाहरण. तिची गोळी 300 यार्ड (सुमारे 274 मी.) जायला सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेई आणि तेवढ्यात नळीच्या सरळ रेषेपासून पाच मीटरांहून अधिक खाली येई. ही तूट भरून काढण्यासाठी मागच्या नेमावरील सरकती खूण अंतराच्या आकड्यावर आणत. खूण व टोकाची माशी लक्ष्याशी जुळवली की नळी आपोआप वर उचलली जाई.

खरी अडचण अंतराच्या अंदाजाची होती. नेम 300 यार्डांवर ठेवला आणि शत्रू निम्म्या अंतरावर आला, तर कमरेवर नेम धरून झाडलेली गोळी डोक्यावरून जाई. म्हणूनच इंग्लंडमधील हाइथच्या नेमबाजी शाळेत (स्थापना 1853) नुसत्या डोळ्यांनी अंतर ओळखण्याचा कसून सराव घेत. हे शिक्षण रायफलीइतकेच मोलाचे होते. दारूचे माप बदलले तरी उतार बदले. म्हणून कागदी काडतुसात ते आधीच मोजलेले असे.